राजीनामा, थळ आणि लवाद : हा विषय आपल्या मुलांपर्यंत का पोचायला हवा?



वर्गात एखाद्या दिवशी फळ्यावर 'राजीनामा' हा शब्द लिहा आणि मुलांना अर्थ विचारा. चौथीतलं पोरसुद्धा सांगेल, "बाई, नोकरी सोडताना देतात तो कागद." बरोबरच आहे. पण आता शब्द फोडून बघा. राजी म्हणजे कबूल आणि नामा म्हणजे लिहिलेला कागद. मराठेशाहीत वतनाचा किंवा पाटीलकीचा तंटा गोतसभेपुढे आला, की निवाडा सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंकडून एक कागद लिहून घेत. जो निवाडा होईल तो आम्हाला मान्य, असा त्याचा अर्थ. त्या कागदाला राजीनामा म्हणत. सोबत जामीनही द्यावा लागे. गावच्या गोतावर भरवसा नसेल, समोरच्याची सोयरीक जास्त असेल, तर पक्षकार दुसरं 'थळ' मागत. म्हणजे निवाडा आमच्या गावात नको, अमुक ठिकाणी होऊ दे. आणि शेवटी हरलेल्याकडून 'यजितपत्र' लिहून घेत, की मी हरलो, पुन्हा हा वाद उकरून काढणार नाही.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. आधी घेतलेली लेखी कबुली, दोघांनाही चालेल असं ठिकाण आणि दोघांनाही चालतील असे पंच.

आज जगभरातल्या मोठमोठ्या कंपन्यांचे, सरकारांचे आणि आयात-निर्यातदारांचे तंटे याच तीन खांबांवर सुटतात. त्याला म्हणतात आंतरराष्ट्रीय व्यापारी लवाद. हा विषय विद्यापीठात रीतसर शिकवला जातो, त्यावर पदव्या मिळतात, त्यावर माणसं आयुष्यभर काम करतात. आपल्या माणदेशातल्या किती पालकांनी त्याचं नाव ऐकलंय? बारावीनंतर काय, या प्रश्नाला आपली उत्तरं ठरलेली असतात. डॉक्टर, इंजिनिअर, नाहीतर स्पर्धा परीक्षा. वकिली म्हटलं की "काळा कोट घालून तारखा घेत बसणार का?" असं म्हणून विषय संपतो.

माझं मत सरळ सांगते. हा विषय प्रत्येक मुलाने शिकावा असं नाही. पण आपल्या भागातली काही मुलं तरी तो खोलात शिकलेली हवीत, आणि तो कशाबद्दल आहे एवढं प्रत्येक घराला माहीत हवं. कारण करारातल्या त्या एका कलमाची किंमत शेवटी आपणच मोजतो. ती कशी, ते पुढे सांगते.

लवाद म्हणजे नेमकं काय?

आपल्या शेजारचं उदाहरण घेऊ. तासगाव भागातला एक निर्यातदार नेदरलँडमधल्या खरेदीदाराला द्राक्षं पाठवतो. कंटेनर मुंबईच्या बंदरातून निघतो आणि काही आठवड्यांनी पलीकडे पोचतो. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांत बऱ्याचदा भाव आधी पक्का नसतो, माल पोचल्यावर, विकल्यावर ठरतो. आता समोरचा म्हणाला, "मणीगळ झालीय, सड आहे, एवढेच पैसे मिळतील." इकडचा म्हणतो, "आमच्याकडून माल चोख निघाला होता, तुमच्याकडे थंडी नीट ठेवली नाही." खरं कोण?

सांगलीच्या कोर्टात दावा लावला तर निकाल लागेपर्यंत वर्षं जातील. निकाल लागला तरी तो परदेशातल्या माणसाकडून वसूल कसा करणार? एका देशाच्या कोर्टाचा हुकूमनामा दुसऱ्या देशात आपोआप चालत नाही. तिकडच्या कोर्टात जायचं म्हटलं तर भाषा, वकील, खर्च, सगळंच परकं. आणि समोरच्यालाही सांगलीबद्दल हेच वाटत असतं!

म्हणून दोघे करारातच एक कलम घालतात. तंटा झाला तर तो लवादापुढे जाईल. किती लवाद असतील, ते कोण नेमेल, कुठल्या देशाचा कायदा लागेल, कामकाज कुठल्या भाषेत चालेल आणि लवादाचं स्थान कुठलं असेल, हे सगळं त्यात येतं. हे 'स्थान' म्हणजे आपलं जुनं थळच. लवादाचं कामकाज कुठल्या देशाच्या कायद्याच्या छत्राखाली चालणार आणि निवाड्याला आव्हान द्यायचं तर कुठल्या कोर्टात, हे त्यावरून ठरतं.

लवादाचा निवाडा परदेशात वसूल होऊ शकतो, याचं कारण १९५८ सालचा न्यूयॉर्क करार. आज १७० हून जास्त देश त्यात आहेत आणि भारताने तो १९६० साली मंजूर केला. आपल्याकडचा कायदा १९९६ चा, लवाद आणि सलोखा कायदा. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने १९८५ साली जो नमुना कायदा तयार केला, त्याच्या धर्तीवर तो बेतलेला आहे. त्यातल्या तीन तरतुदी तर प्राथमिक शाळेतल्या मुलालाही सांगता येतील. लवादाचा करार लेखीच हवा. लवादांची संख्या विषम हवी, म्हणजे एक, तीन, पाच, सम नाही. आणि निवाड्यात कारणं लिहायला हवीत, दोन्ही बाजूंनी नको म्हटलं असेल तर गोष्ट वेगळी. विषम संख्येचा इतका चांगला व्यवहारातला उपयोग आपल्या गणिताच्या तासाला तरी कुठे सापडतो?

द्राक्षांचं नाव काढलंय तर २०१० चा हंगाम आठवा. त्या वर्षी युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला. बागायतदार ते वर्षानुवर्षे वापरत होते आणि आपल्याकडे निर्यातीआधी ज्या रसायनांची तपासणी व्हायची, त्या यादीत ते तेव्हा नव्हतं. माल तिकडे अडकला. बागायतदार म्हणाला, मला सांगितलं त्याप्रमाणे मी सगळं केलं. निर्यातदार म्हणाला, माझे तपासणीचे कागद पूर्ण आहेत. खरेदीदार म्हणाला, आमच्या देशात हा माल विकता येत नाही. तिघेही आपापल्या जागी खरंच बोलत होते. मग तोटा कुणाचा? अशा वेळी उत्तर एकाच ठिकाणी शोधायचं असतं, माल निघण्याआधी सही केलेल्या कागदात. आणि कागदाची साखळी बागेपर्यंत पोचलेली नसेल, तर तोटा घरंगळत शेवटी बागेतच येतो.

दाभोळ : महाराष्ट्राने शिकलेला धडा

आता मोठं उदाहरण. चाळिशीच्या पुढच्या पालकांना 'एन्रॉन' हा शब्द नक्की आठवत असेल. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात दाभोळ वीज कंपनीचा प्रकल्प उभा राहिला. १९९२ साली एन्रॉन आणि महाराष्ट्र राज्य वीज मंडळ यांच्यात प्राथमिक करार झाला, डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झाला. राज्य सरकारने हमी दिली, तिच्यामागे केंद्राने प्रतिहमी दिली. दर डॉलरशी जोडलेला. मंडळाने वीज उचलली नाही तरी स्थिर आकाराची रक्कम द्यावीच लागणार. आणि तंटा झाला तर लवाद लंडनमध्ये.

१९९५ साली राज्यात सरकार बदललं. ऑगस्टमध्ये नव्या सरकारने प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं. कंपनीने त्याच महिन्यात लंडनमध्ये लवादाची कारवाई सुरू केली. मग पुन्हा वाटाघाटी झाल्या, करार सुधारला आणि काम परत चालू झालं. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ च्या मे महिन्यात सुरू झाला. वीज इतकी महाग पडू लागली की मंडळाला बिलं झेपेनात. २००१ च्या मे महिन्यात खरेदी थांबली, प्रकल्प बंद पडला, तंटा पुन्हा लवादाकडे गेला. इकडे मंडळ राज्याच्या वीज नियामक आयोगाकडे गेलं. हा वाद लंडनच्या लवादाने सोडवायचा की मुंबईतल्या आयोगाने, यावरच मुंबई उच्च न्यायालयात झगडा झाला. म्हणजे मूळ भांडणाआधी 'थळा'चं भांडण!

डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. तरी प्रकरण मिटलं नाही. तिच्या भागीदार जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांनी मॉरिशसमधल्या आपल्या कंपन्यांमार्फत, भारत आणि मॉरिशस यांच्यातल्या गुंतवणूक कराराचा आधार घेऊन थेट भारत सरकारविरुद्ध दावे केले. कंपन्या अमेरिकेतल्या, प्रकल्प कोकणात, करार मॉरिशसचा. शेवटी २००५ साली तडजोडी झाल्या आणि प्रकल्प रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीकडे गेला.

दाभोळवर राजकीय मतं प्रत्येकाची वेगळी असतील. मला इथे कुणा पक्षाबद्दल बोलायचं नाही. मला एवढंच दिसतं, की रस्त्यावरची आंदोलनं, विधानसभेतली भाषणं, निवडणुकीतली आश्वासनं हे सगळं एका बाजूला आणि १९९३ साली सही झालेला कागद दुसऱ्या बाजूला. कागद सगळ्यांना पुरून उरला. तो कागद लिहिणारी माणसं तरबेज होती. आपल्या बाजूने तो ओळ न् ओळ वाचणारी, "हे स्थान लंडन का? मुंबई का नको? हा दर डॉलरमध्ये का?" असं हटकून विचारणारी माणसं जास्त असती तर? अशी माणसं आकाशातून पडत नाहीत. कुठल्यातरी शाळेत, कुठल्यातरी विद्यापीठात ती घडवावी लागतात.

तेच कलम आपल्या घरातही असतं

तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळं मोठ्या लोकांचं. आपला काय संबंध?

घरात ट्रॅक्टर, टेम्पो किंवा मोटारसायकल हप्त्यावर घेतली असेल तर कर्जाचा करार काढून बघा. बारीक अक्षरातल्या शेवटच्या पानांत एक कलम बहुतेक सापडेल. तंटा झाल्यास लवाद, आणि लवादाचं ठिकाण मुंबई, चेन्नई किंवा असंच दूरचं शहर. आमच्या शाळेतल्या एका पालकांना असं पाकीट आलं होतं. एका वित्त कंपनीचे दोन-तीन हप्ते थकले होते. ते पाकीट घेऊन शाळेत आले, म्हणाले, "बाई, इंग्रजीत आहे, वाचून सांगा." लवादाची नोटीस होती. शेकडो किलोमीटरवरच्या शहरात अमुक तारखेला हजर राहा, नाहीतर तुमच्या गैरहजेरीत निवाडा होईल. ते म्हणाले, "मी तर अशा कशाला हो म्हटलंच नव्हतं." सही मात्र त्यांचीच होती. आम्ही दोघांनी मिळून तालुक्याच्या वकिलांना गाठलं आणि मुदतीत उत्तर गेलं, एवढं बरं झालं.

हा परदेशाशी संबंधित तंटा नव्हे, पण साचा तोच. आधी दिलेली लेखी कबुली, ठरलेलं ठिकाण आणि पंच. फरक एवढाच की तीनही गोष्टी एकाच बाजूने ठरवल्या होत्या. यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली पर्किन्स ईस्टमन प्रकरणात सांगितलं, की निकालात ज्याचा हितसंबंध आहे त्याने एकट्याने लवाद नेमणं योग्य नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानेही लवादाच्या नेमणुकीत दोन्ही बाजूंना समान वागणूक हवी, यावर भर दिला. म्हणजे कायदा आपल्या बाजूने बोलू शकतो. पण तो बोलतोय हे कळायला कुणीतरी तो वाचलेला हवा ना?

आपल्या भागाची एक मोठी ताकद आहे, शब्द. माण, आटपाडी, खानापूर भागातली गलाईवाली मंडळी देशभर सोन्या-चांदीच्या पेठांत पसरली, ती शब्दावर. कुणाचं सोनं कुणाच्या हातात, पण 'गावाकडचा माणूस' एवढी ओळख पुरायची. शब्द मोडला तर गावात तोंड दाखवायला जागा नाही, हाच जामीन होता. ही पुण्याई मी कमी लेखत नाही. पण जिथे समोरचा माणूस आपल्या गावचा नाही, तिथे हा जामीन चालत नाही. परराज्यातला दलाल द्राक्षं उचलून पैसे न देता गायब झाल्याच्या बातम्या हंगामात आपण वाचतोच. शेजारच्या राज्यातल्या माणसाबरोबर ही गत, तर समुद्रापलीकडच्या माणसाबरोबर काय? म्हसवड भागात औद्योगिक कॉरिडॉर येणार अशी चर्चा आपण किती वर्षं ऐकतोय. तो आला तर सोबत करारही येतील. ते वाचणारे कुठून आणायचे?

विद्यापीठात काय शिकवतात?

आता पालकांच्या कामाची माहिती.

कायद्याची पदवी दोन वाटांनी मिळते. बारावीनंतर पाच वर्षांची, किंवा कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांची. राज्यातल्या महाविद्यालयांसाठी एमएच-सीईटी लॉ ही प्रवेश परीक्षा असते आणि ती मराठीतूनही देता येते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही वेगळी परीक्षा असते, ती इंग्रजीत.

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार पर्यायी तंटा निवारण हा विषय कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सक्तीचा आहे. त्यात वाटाघाटी, सलोखा, मध्यस्थी आणि लवाद येतात. म्हणजे सातारच्या इस्माईलसाहेब मुल्ला विधी महाविद्यालयात जाणारा मुलगा आणि मुंबईच्या १८५५ सालच्या शासकीय विधी महाविद्यालयात जाणारी मुलगी, दोघांनाही पाया तोच मिळतो. पुढे ज्याला रस असेल त्याने एलएलएमला हा विषय खोलात घ्यावा. परदेशात लंडनचं क्वीन मेरी, स्वीडनचं स्टॉकहोम, सिंगापूरचं राष्ट्रीय विद्यापीठ अशा ठिकाणी खास याच विषयाचे अभ्यासक्रम आहेत. कामाच्या जागा म्हणाल, तर पॅरिस, लंडन, सिंगापूर इथल्या लवाद संस्थांत भारतीय पक्षकारांची प्रकरणं मोठ्या संख्येने जातात. मुंबईतही २०१६ पासून आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र आहे. शिवाय २०२३ साली मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा झालाय, त्यातूनही नवं काम उभं राहतंय.

आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. लवाद व्हायला वकीलच असावं लागतं असं कायदा म्हणत नाही. बांधकामाच्या तंट्यात इंजिनिअर, हिशोबाच्या तंट्यात सनदी लेखापाल लवाद म्हणून बसू शकतो. मालाच्या तंट्यात त्या मालाचा जाणकार तज्ज्ञ म्हणून साक्ष देतो. शेती पदवीधर मुलाने जोडीला कायद्याचा अभ्यास केला तर द्राक्ष-डाळिंबाच्या तंट्यात त्याच्याएवढं जाणतं कोण असेल?

या विषयातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे व्हिएन्नातली स्पर्धा. ऑस्ट्रियात दर वर्षी ईस्टरच्या सुमारास जगभरातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांची अभिरूप लवादाची स्पर्धा भरते. विलेम व्हिस यांच्या नावाने ती १९९० च्या दशकात सुरू झाली. भारतातले संघही तिथे जातात. एक काल्पनिक व्यापारी तंटा आधी दिला जातो. गंमत पुढे आहे. प्रत्येक संघाला दोन्ही बाजूंनी लेखी निवेदन तयार करावं लागतं. आधी दावा करणाऱ्याच्या बाजूने, मग काही आठवड्यांनी त्याच तंट्यात समोरच्याच्या बाजूने. काल ज्या मुद्द्यासाठी भांडलात, आज त्याच मुद्द्याला उत्तर शोधा! शिक्षक म्हणून मला वाटतं, माणूस घडवणारा याहून चांगला गृहपाठ शोधून सापडणार नाही.

अडचणीही सांगते

नुसतं गुलाबी चित्र रंगवणं बरं नव्हे.

पहिली अडचण पैसा. परदेशातली पदवी महाग आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इतर मागास, भटक्या विमुक्त प्रवर्गांसाठीही राज्याची परदेश शिष्यवृत्ती आहे. अटी दर वर्षीच्या जाहिरातीत नीट वाचाव्यात. पण परदेशी पदवी नसेल तर दार बंद, असंही नाही. आधी जिल्हा न्यायालयात चार वर्षं घासून मग या क्षेत्रात येता येतं.

दुसरी अडचण वेळ. बारावीनंतर पाच वर्षं शिक्षण आणि नंतरची काही वर्षं तुटपुंज्या कमाईची. ज्या घराला पोराच्या पहिल्या पगाराची वाट बघावी लागते, त्या घराला हे जड जातं. हे खरंच आहे.

तिसरी अडचण इंग्रजी. आंतरराष्ट्रीय लवादाचं बहुतेक कामकाज इंग्रजीत चालतं. आपली मुलं प्रवेश परीक्षा मराठीतून देतात आणि पुढे इंग्रजी करारांच्या भिंतीवर आदळतात. यावर "मग सगळं इंग्रजी माध्यमातच घाला" हा उपाय मला पटत नाही. विषय आधी आपल्या भाषेत समजलेला असेल तर इंग्रजी शब्द मागाहून चिकटतात. थळ, पंच, राजीनामा, निवाडा हे शब्द आपल्याकडे होतेच. विद्यापीठांनी या विषयाची चांगली मराठी पुस्तकं काढावीत, ही माझी ठाम मागणी आहे. कराराचं इंग्रजी हे गोष्टीच्या इंग्रजीपेक्षा वेगळं असतं, ते अकरावी-बारावीलाच थोडं वाचायला मिळायला हवं.

चौथी गोष्ट, लवाद म्हणजे स्वस्त न्याय असंही समजू नका. लवादांचं मानधन, वकील, संस्थेचा खर्च, सगळं पक्षकारांनाच भरावं लागतं. लहान माणसाला ते परवडत नाही. म्हणूनच लहान माणसाच्या बाजूने हा विषय जाणणारी माणसं जास्त हवीत.

"हे आपल्या पोरांचं काम नाही" असं कुणी म्हटलं, तर त्याला आपल्याच गावची गोष्ट सांगा. म्हसवडमध्ये १९९७ साली महिलांची बँक उभी राहिली, माणदेशी. परवान्याचा पहिला अर्ज नाकारला गेला, कारण अर्जावर सह्यांऐवजी अंगठे होते. मग त्याच बायकांनी रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांपुढे व्याजाचा हिशोब तोंडी करून दाखवायची तयारी दाखवली. आता त्या बायकांच्या नाती कॉलेजात आहेत. आजीला व्याज कळलं, तर नातीला करार का कळणार नाही?

आपण शाळेत काय करू शकतो?

पहिली ते पाचवीच्या मुलांना लवाद शिकवा असं मी म्हणत नाही. पण पाया तिथेच पडतो. मी वर्गात करते ते सांगते. तुम्ही आपापल्या पद्धतीने बदल करा.

१. आधी कागद, मग खेळ. दोन मुलं रंगपेटी वाटून घेणार असतील तर आधी चार ओळी लिहायच्या. कुणाकडे किती दिवस, रंग मोडला तर काय, भांडण झालं तर कुणाकडे जायचं. दोघांच्या सह्या. सुरुवातीला मुलं हसतात, मग त्यातच रमतात.

२. पंच विषम. वर्गातलं भांडण सोडवायला तीन मुलं. एक याने निवडायचा, एक त्याने, तिसरा त्या दोघांनी मिळून. मोठ्या लवादांत तिघांची नेमणूक बहुधा याच रीतीने होते, हे मुलांना सांगितलं की त्यांची मान ताठ होते.

३. दुसऱ्याची बाजू. ज्याची तक्रार आहे त्याने आधी समोरच्याची बाजू दोन वाक्यांत सांगायची. सगळ्यांत अवघड हेच, आणि सगळ्यांत उपयोगीही हेच.

४. निर्णयासोबत कारण. "त्याचं चुकलं" एवढं चालणार नाही, "कारण..." लिहायचंच. भाषेच्या तासाला याहून चांगलं वाक्यलेखन कुठलं?

५. घरातला एक कागद. चौथी-पाचवीच्या मुलांनी घरातलं विजेचं बिल, बियाणाची पावती किंवा पंप घेतल्याचं हमीपत्र आणायचं आणि त्यातली एक अट शोधून वर्गात वाचायची. शेवटच्या बारीक अक्षरांतली असेल तर एक गुण जास्त!

आणि पालकांसाठी एकच काम. पुढच्या वेळी कुठल्याही करारावर सही करण्याआधी 'लवाद' हा शब्द शोधा. इंग्रजीत असेल तर 'आर्बिट्रेशन'. त्याच्या पुढे कुठल्या शहराचं नाव आहे ते बघा. लवाद कोण नेमणार ते बघा. कळलं नाही तर सही करायची घाई करू नका, जाणत्या माणसाला विचारा. सोबत मुलाला बसवा आणि ते कलम त्याच्याकडूनच वाचून घ्या. त्याला रस वाटला, दोन प्रश्न त्याने स्वतःहून विचारले, तर बारावीनंतर काय, या प्रश्नाच्या उत्तरांत आणखी एक नाव लिहून ठेवा.